मातीला कामाला लावणारा माणूस

मित्रांनो, या वर्षी मॅगझिनला कविता द्यायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं. गेल्या वर्षीच्या कवितेवर हॉस्टेलमध्ये जी काही चर्चा झाली ती मी अजून विसरलेलो नाही! या वेळी एका माणसाबद्दल लिहितो आहे. त्यांना जाऊन नव्वदहून जास्त वर्षं झाली. आमच्या गावाचं नाव त्यांनी कधी ऐकलं असण्याची शक्यता नाही. तरीही त्यांचं आणि आमच्या विहिरीचं एक नातं आहे. ते कसं, हे सांगण्यासाठी आधी विहिरीपासून सुरुवात करावी लागेल.

माझं गाव साखरशेत, तालुका जव्हार. पूर्वी आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आलो. जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो कोसळतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यात बायकांच्या डोक्यावर हंडे दिसतात. जमीन उताराची, पाणी थांबत नाही. अशा ठिकाणी विहीर म्हणजे काय असते हे नळाचं पाणी पिणाऱ्यांना सांगून समजणार नाही. आमच्या शेताच्या खालच्या अंगाला एक जुनी विहीर आहे. बाबांनी तिच्यावर डिझेल इंजिन बसवलं होतं. इंजिनाचं काळं ऑइल बदललं की ते तिथेच बाजूला ओतायचं, अशी आमची वर्षानुवर्षांची पद्धत. मी दहावीत असताना पावसाळ्याच्या तोंडावर एका रात्री डिझेलचा पस्तीस लिटरचा भरलेला कॅन कलंडला. सकाळपर्यंत सगळं डिझेल मातीत जिरलं होतं.

त्या वर्षी तिथे गवताची काडी उगवली नाही. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यावर रंगीत तवंग दिसायला लागला. आजीने कळशी बुडवली, नाकाशी नेली आणि काही न बोलता पाणी ओतून दिलं. तेव्हापासून घरचं पिण्याचं पाणी वरच्या पाड्यावरून येतं. ते कोण आणतं हे वेगळं सांगायला नको. इंजिनाजवळची ती जागा मेली, असंच सगळे म्हणत. मीही तेच मानत होतो.

मग मी इंजिनिअरिंगला आलो. दुसऱ्या वर्षी पर्यावरणाचा एक विषय असतो. त्या लेक्चरला किती जण जागे असतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. एके दिवशी सर तेल खाणाऱ्या जिवाणूंबद्दल सांगत होते आणि माझी झोप उडाली. लेक्चर संपल्यावर मी सरांना गाठलं आणि विचारलं की हे जिवाणू कुठे विकत मिळतात? सर हसले. विकत कशाला, तुझ्या त्याच मातीत ते बसलेले असतील, असं म्हणाले. आणि त्यांनी मला एक नाव लिहून दिलं : मार्टिनस विलेम बायेरिंक.

बायेरिंक यांचा जन्म १६ मार्च १८५१ रोजी हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅम शहरात झाला. वडिलांचा तंबाखूचा व्यापार होता. तो बुडाला आणि त्यांना रेल्वेत कारकुनी करावी लागली. घरची परिस्थिती बेताची. सुरुवातीची काही वर्षं मुलाला शाळेतही घालता आलं नाही, वडीलच घरी शिकवत. मुलाला वेड झाडापानांचं. पण वनस्पतिशास्त्र शिकून पोट भरणार कसं, हा प्रश्न तेव्हाही होताच. शेवटी एका काकांनी पैशाची मदत केली आणि हा मुलगा डेल्फ्टच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. शाखा कोणती? केमिकल इंजिनिअरिंग! म्हणजे तसे ते आपलेच सीनियर. आवड एका विषयाची आणि ॲडमिशन दुसऱ्याच ब्रँचला, ही कथा काही आजची नाही.

डेल्फ्टला त्यांना एक मित्र मिळाला, याकोबस व्हान्ट हॉफ. हे नाव आपल्याला ऑस्मोटिक प्रेशरच्या समीकरणामुळे ठाऊक आहे. १९०१ साली रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल पारितोषिक त्यांनाच मिळालं. या दोघा दोस्तांनी विद्यार्थीदशेत बरेच रासायनिक प्रयोग केले. त्या जोडीचं मला फार कौतुक वाटतं, कारण आमच्या रूमवर झालेला एकमेव रासायनिक प्रयोग म्हणजे करपलेली मॅगी.

१८७२ मध्ये डिप्लोमा घेऊन बायेरिंक बाहेर पडले, पण झाडांची ओढ सुटली नव्हती. झाडांच्या पानांवर कीटकांमुळे ज्या गाठी येतात त्यांचा अभ्यास करून त्यांनी १८७७ मध्ये लायडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्याआधीच, १८७६ पासून, ते वाखेनिंगेनच्या शेतकी शाळेत शिकवू लागले होते. शिक्षक म्हणून ते कडक होते आणि मुलांना आवडत नव्हते. ही गोष्ट पुढे आयुष्यभर तशीच राहिली.

१८८५ मध्ये डेल्फ्टच्या यीस्ट आणि अल्कोहोल बनवणाऱ्या कारखान्याने त्यांना प्रयोगशाळा सांभाळायला बोलावलं. म्हणजे इंडस्ट्रीत नोकरी. शास्त्रज्ञाने कारखान्यात जाणं तेव्हा कमीपणाचं समजत असतील, पण बायेरिंक यांचं सगळ्यात गाजलेलं एक काम तिथेच झालं आणि त्याचा यीस्टशी काही संबंध नव्हता.

आमच्याकडे नागली, वरई, उडीद, खुरासणी ही पिकं घेतात. उडदाचं रोप उपटून मुळं बघितली तर त्यांवर बारीक बारीक गाठी दिसतात. उडीद घेतला की जमीन सुधारते हे आमची आजीही सांगेल, पण का सुधारते ते तिला कुणी सांगितलेलं नाही. १८८८ मध्ये बायेरिंक यांनी शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या अशा गाठींमधला जिवाणू वेगळा काढला आणि प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. त्यालाच आज आपण रायझोबियम म्हणतो. हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणून देणारा हा कामगार. जिवाणू म्हणजे रोग, एवढंच समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं होत असलेल्या काळात हा डच माणूस सांगत होता की यांच्यातले पुष्कळसे आपलं काम करतायत.

१८९५ मध्ये डेल्फ्ट पॉलिटेक्निकने आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला प्राध्यापक म्हणून परत बोलावलं. त्याच वर्षी त्यांनी ऑक्सिजनशिवाय जगणारा आणि सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करणारा जिवाणू शोधला. गटाराला कुजक्या अंड्याचा वास येतो तो याच मंडळींमुळे. जमिनीतले लोखंडी पाइप खाण्यातही यांचा हात असतो हे पुढे लक्षात आलं. मेकॅनिकलच्या मित्रांनी कोरोजनच्या धड्यात हे नाव शोधून बघावं.

आणि १८९८ साल. तंबाखूच्या पानांवर ठिपके पडण्याचा एक रोग होता. त्यांनी रोगट पानांचा रस काढून चिनीमातीच्या फिल्टरमधून गाळला. घरोघरी असायचा त्या कँडल फिल्टरचाच हा भाऊबंद. त्यातून जिवाणू पलीकडे जात नाहीत. तरी गाळलेला रस निरोगी झाडाला लावला की रोग होतच होता. रशियात दिमित्री इव्हानोव्स्की यांनी १८९२ मध्ये हेच बघितलं होतं, आणि ते कळल्यावर बायेरिंक यांनी त्यांचा मान मोकळेपणाने कबूल केला. पण ही जिवाणूपेक्षा वेगळीच काहीतरी गोष्ट आहे, ती फक्त जिवंत पेशींमध्ये वाढते, हे ठामपणे मांडलं ते बायेरिंक यांनी. त्यांनी तिच्यासाठी व्हायरस हा शब्द वापरला. २०२० नंतर हा शब्द शेंबड्या पोरालाही पाठ झाला. वडिलांना तंबाखूने बुडवलं आणि मुलाचं नाव तंबाखूच्या पानानेच जगभर नेलं, असा हा योगायोग.

पण मित्रांनो, मला लिहायचं आहे ते या प्रसिद्ध शोधाबद्दल नाही. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे एक साधीशी पद्धत, जिला एनरिचमेंट कल्चर म्हणतात. समजा, चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू आहेत आणि तुम्हाला त्यांतला एकच प्रकार हवा आहे. एकेक शोधत बसलात तर जन्म जाईल. बायेरिंक म्हणाले, शोधू नका, तुम्हाला हव्या असलेल्या जिवाणूलाच जगता येईल अशी परिस्थिती तयार करा. बाकीचे आपोआप मागे पडतील. हवेतला नायट्रोजन घेणारा पाहिजे? मग फ्लास्कमध्ये साखरेसारखं अन्न द्या, क्षार द्या, पण नायट्रोजन अजिबात देऊ नका. ज्याला तो हवेतून घेता येतो तोच टिकेल. अशा रीतीने १९०१ मध्ये त्यांनी ॲझोटोबॅक्टर जगापुढे आणला. आज कृषी केंद्रात जिवाणू खत म्हणून जी पाकिटं मिळतात त्यांच्यावर हे नाव वाचायला मिळतं. याच सुमारास रशियाचे सर्गेई विनोग्राड्स्की हेही अशाच वाटेने जात होते, म्हणून या पद्धतीचं श्रेय दोघांना देतात.

या विचाराच्या मुळाशी एक मोठा विश्वास आहे. सूक्ष्मजीव जवळपास सगळीकडे आहेतच. कोण पुढे येणार हे परिस्थिती ठरवते.

आता तेलाकडे येऊ. बायेरिंक यांच्या हाताखाली निकोलास सोनगेन नावाचा एक विद्यार्थी होता. त्याने हीच पद्धत इंधनांना लावली. त्याने मिथेन वायू खाऊन जगणारा जिवाणू दाखवला आणि त्यावर १९०६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे १९१३ मध्ये त्याने पेट्रोल, रॉकेल, पॅरफिन यांच्यावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांबद्दल लिहिलं. त्या काळी मोटारी नुकत्या कुठे रस्त्यावर दिसू लागल्या होत्या. तेलगळतीची बातमी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. पण तेल साफ करण्याच्या जैविक शास्त्राचा पाया डेल्फ्टच्या त्या प्रयोगशाळेत घातला गेला होता.

जिवाणू तेल खातात म्हणजे नक्की काय करतात? डिझेलमध्ये कार्बन आणि हायड्रोजनच्या लांब साखळ्या असतात. जिवाणूचं एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनचा अणू साखळीच्या टोकाला चिकटवतं. तिचं आधी अल्कोहोल होतं, मग आम्ल होतं. एकदा फॅटी ॲसिड झालं की पुढचं काम आपल्या पोटात तूप पचतं तसंच. दोन-दोन कार्बनचे तुकडे पडत जातात, काही भागातून जिवाणूचं अंग वाढतं आणि बाकीचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन जातो. सरळ साखळ्या लवकर संपतात, वलयांची गुंतागुंतीची संयुगं रेंगाळतात, आणि डांबरासारखा भाग तर जवळपास तसाच राहतो.

पण यात एक मेख आहे. तेलात कार्बन भरपूर, नायट्रोजन आणि फॉस्फरस मात्र जवळजवळ नाहीच. म्हणजे पानात नुसत्या भाकऱ्यांची चळत आणि कालवणाचा पत्ता नाही. किती खाणार? त्यात जमिनीत हवा खेळत नसेल, ओल नसेल, तर मजूर हजर असूनही काम बंद. आमच्या विहिरीजवळ नेमकं हेच झालं होतं. ती जागा मेली नव्हती, उपाशी होती.

जगाला ही गोष्ट मोठ्या अपघातांतून शिकावी लागली. २४ मार्च १९८९ रोजी अलास्कात एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळलं आणि किनारे काळे झाले. तिथे तेल लागलेल्या किनाऱ्यावर चक्क खत टाकलं गेलं, आणि तिथल्याच जिवाणूंनी कामाचा वेग वाढवला. त्याआधी डॉ. आनंद मोहन चक्रवर्ती या आपल्या बंगाली शास्त्रज्ञाने अमेरिकेत तेलातले अनेक घटक एकट्याने पचवणारा जिवाणू तयार केला होता. त्याच्या पेटंटचा खटला १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी जिंकला गेला आणि गाजला. मात्र तो जिवाणू कधी समुद्रात सोडला गेला नाही. आपल्याकडे ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं एकमेकांवर आदळली, शेकडो टन तेल सांडलं आणि रायगडच्या किनाऱ्यावरच्या तिवरांपर्यंत गेलं. त्या वेळी किनारा साफ करण्यासाठी टेरी या दिल्लीच्या संस्थेचं ऑइलझॅपर हे जिवाणूंचं मिश्रण वापरलं गेलं. त्यातले जिवाणूही तेलाने माखलेल्या जागांवरूनच निवडलेले. निवडण्याची रीत? तीच, बायेरिंकवाली.

माणूस म्हणून बायेरिंक कसे होते? खरं सांगायचं तर मला त्यांचा विद्यार्थी व्हायला आवडलं नसतं. ते तापट होते, चूक दिसली की तोडून बोलत. विज्ञान करणाऱ्याने लग्नाच्या भानगडीत पडू नये असं त्यांचं मत होतं आणि ते स्वतः अविवाहित राहिले. अदृश्य जिवाला काय हवं, काय नको याचा इतका बारीक विचार करणाऱ्या माणसाला समोरच्या पोराला काय हवं हे मात्र कळत नसे. गंमत वाटते आणि थोडं वाईटही. योग्य परिस्थिती मिळाली की कोणीही उभा राहतो, हा त्यांचाच सिद्धान्त त्यांनी वर्गात वापरला असता तर?

१९२१ मध्ये सत्तराव्या वर्षी ते निवृत्त झाले. गोर्सेल नावाच्या खेड्यात आपल्या दोन बहिणींबरोबर राहायला गेले आणि पुन्हा लहानपणच्या झाडापानांत रमले. १ जानेवारी १९३१ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. डेल्फ्टची त्यांची परंपरा अल्बर्ट क्लुयव्हर यांनी पुढे चालवली.

आता माझा प्रयोग. सरांच्या परवानगीने कॉलेजच्या लॅबमध्ये तीन फ्लास्क मांडले. तिन्हींत क्षारांचं पाणी आणि अन्न म्हणून फक्त थोडं डिझेल. पहिल्यात विहिरीजवळची चिमूटभर माती आणि नायट्रोजनचा क्षार. दुसऱ्यात माती, पण नायट्रोजन नाही. तिसऱ्यात नायट्रोजन आहे, पण माती ऑटोक्लेव्हमध्ये घालून निर्जीव केलेली. दोन आठवडे शेकरवर हलवले. तिसरा तसाच नितळ राहिला, डिझेल वर तरंगत होतं. दुसरा किंचित गढूळ. पहिला दुधाच्या पाण्यासारखा पांढरट, आणि वरच्या तवंगाचे बारीक तुकडे झालेले. मी तो फ्लास्क उजेडासमोर धरला तेव्हा माझे हात थरथरत होते, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी आणि बाबांनी त्या जागेचे दोन भाग केले. पावसाचं पाणी तेलकट माती विहिरीत नेऊ नये म्हणून खालच्या बाजूने आधी मातीचा बांध घातला. एका भागात शेणखत आणि थोडा युरिया मिसळला, कुदळीने माती खालीवर केली, ओल धरून ठेवली. दुसरा भाग तसाच ठेवला. एवढी मेहनत करून अर्धीच जागा का करायची, हे बाबांना पटेना. तुलनेला काही नको का, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, पण पटलं नसावं. दर पंधरा दिवसांनी बाबाच माती हलवत. फेब्रुवारीनंतर काम थांबवलं, कारण मातीवर शिंपडायला पाणी कुठून आणणार? जून लागल्यावर पुन्हा सुरू. काळं ऑइल आता आम्ही डब्यात साठवतो, कारण त्यातले धातू कुठलाच जिवाणू खाऊन संपवत नाही.

या दिवाळीत गावी गेलो. खत घातलेल्या भागात गवत गुडघ्याला लागत होतं. मूठभर माती नाकाशी धरली, तर डिझेलचा वास जवळजवळ नाही. दुसऱ्या भागात तुरळक पाती आणि वास आहेच. बाबांनी दोन्हीकडची माती हातात घेऊन बघितली आणि उरलेला भाग कधी करायचा एवढंच विचारलं. एका जागेवरचा एका वर्षाचा प्रयोग म्हणजे सिद्धान्त नव्हे हे मला कळतं. विहिरीवर या पावसाळ्यात तवंग दिसला नाही, पण डोळ्यांना दिसत नाही म्हणजे पाणी पिण्यालायक झालं असंही नाही. खरी परीक्षा उन्हाळ्यात पाणी तळाला गेल्यावर. तेव्हा नमुना तपासणीला देणार आहे. रिपोर्ट येईपर्यंत त्या विहिरीचं पाणी प्यायचं नाही असं मी आजीला बजावलंय. एवढी वर्षं थांबले, अजून एक उन्हाळा काय, असं म्हणून ती कळशी घेऊन वरच्या पाड्याच्या वाटेला लागली. मी तिच्या हातातली कळशी घेतली.

मित्रांनो, आपल्यापैकी बरेच जण लहान गावांतून आलोय. तिथल्या कितीतरी गोष्टींबद्दल, आणि कधी कधी आपल्याबद्दलही, आता यातून काही उगवणार नाही असं लोक सहज बोलून जातात. तसं ऐकलं की मला डेल्फ्टचा तो खडूस प्रोफेसर आठवतो. आधी बघा, तिथे कमी काय पडतंय. तेवढं द्या, आणि थोडी वाट बघा.

(तृतीय वर्ष, केमिकल)